पिनोचं एकच बॅरल

संभाजीनगरहून परत येऊन दीड महिना झाला. आमच्या पुण्याच्या वाइन मंडळातले सगळे विचारतात, "काय मग, कशी झाली सहल?" मी "छान" म्हणतो आणि विषय बदलतो. तसं पाहिलं तर छान न वाटण्यासारखं तिथं काही नव्हतं. सप्टेंबरात तो सगळा भाग हिरवागार असतो, जेवण झणझणीत, माणसं मोकळी. पण तिथं माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती गाळून बाकीचं वर्णन करत बसलो तर ते खोटं होईल. म्हणून झालं तसं, क्रमानं लिहितो. मंडळातल्या लोकांनी वाचलं तरी चालेल. किंबहुना त्यांनी वाचावंच.

मी तीस वर्षं औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात काढली. आलेला माल पास करायचा की नापास, हे ठरवणं माझं काम. निवृत्तीनंतर वाइन चाखण्याचा नाद लागला. दोन अभ्यासक्रम केले, त्यांची प्रमाणपत्रं बैठकीच्या खोलीत लावली. मंडळात माझ्या नाकाला मान आहे. निदान होता.

सुभाष माझा कॉलेजचा मित्र. त्याचं संभाजीनगरला मध्यमसं हॉटेल आहे. त्याच्या डोक्यात आलं की आपल्याच भागातल्या छोट्या बागायतदारांची वाइन हॉटेलात ठेवावी. एकाच बागेची द्राक्षं, तिथंच केलेली वाइन, वर्षाला थोड्याच बाटल्या. अशा दोन बागा त्यानं हेरल्या होत्या. एक लासूर स्टेशनजवळ, शार्डोनेची. दुसरी म्हैसमाळच्या उतारावर, शार्डोने आणि पिनो न्वारची. शार्डोने हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष, आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. पिनो न्वार मात्र अवघड प्रकरण. काळं द्राक्ष, साल पातळ, घड गच्च, ऊन सोसत नाही, पाऊस सोसत नाही. आपल्याकडे त्याच्या वाटेला जाणारे फार थोडे.

"तू ये, चाख आणि सांग," सुभाष फोनवर म्हणाला. "तू हो म्हणालास की घेतो. नाही म्हणालास की विषय बंद."

मला ते फार आवडलं.

लासूर स्टेशन

पहिल्या दिवशी लासूरला गेलो. पोपटराव म्हणून साठीचे गृहस्थ. मोंढ्यात धान्याची आडत, आणि गावाबाहेर चार एकरांत शार्डोने. आडतीत भाव करून करून आवाज बसलेला. आम्हाला पाहताच त्यांनी पडवीत सतरंजी अंथरली, आतून धपाटे आणि घट्ट दही आलं. धपाट्यात तीळ आणि भरपूर लसूण होता. मी तीन खाल्ले. मग वाइन आली, ती चहाच्या काचेच्या ग्लासांतून.

वाइन चाखायला मी माझे स्वतःचे सहा ग्लास नेतो. पातळ काचेचे, पोटात फुगीर, तोंडाशी निमुळते. पुण्याहून ते खोक्यात बांधून आणले होते, आणि नेमके त्या दिवशी हॉटेलच्या खोलीत विसरलो. चहाचा ग्लास हातात घेताना माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते असो. वाइन मात्र चांगली निघाली. कैरीच्या सालीचा वास, मागून ताज्या लोण्याचा. मी पास केली.

"सायबांनी पास केलं बरं का!" पोपटरावांनी घरात ओरडून सांगितलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

परतताना मी सुभाषला म्हणालो, "उद्या माझे ग्लास विसरायचे नाहीत. चहाच्या ग्लासात शार्डोने! काय बोलावं."

म्हैसमाळचा उतार

दुसऱ्या दिवशी निघालो. दौलताबादच्या किल्ल्याखाली बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. गाडी थांबवून घेतली आणि खुलताबाद येईपर्यंत बिया खिडकीबाहेर टाकत आलो. पुढे घाट चढला आणि हवा बदलली. पुण्यात सिंहगडावर लागतो तसा वारा, पण कोरडा. उतारावर काळ्या दगडांचे बांध घालून केलेली छोटी बाग दिसली.

बाग रायभान जाधवांची. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या पत्नी सविता. दोघांनी टेकडीत अर्धी आत घुसवलेली एक दगडी खोली बांधली आहे. आत गारवा. भिंतीशी स्टीलच्या तीन टाक्या आणि कोपऱ्यात लाकडी घडवंचीवर आडवं ठेवलेलं एकच ओकचं बॅरल. त्यात पिनो होती, तोवरची पहिलीच. आधीच्या दोन वर्षी पावसानं घड सडले होते. हे पीक साधलं, वाइन झाली, दीड वर्ष मुरली आणि आता महिनाअखेर बाटल्यांत भरायची होती.

टेबलावर सविता वहिनींनी पांढरं फडकं अंथरलं होतं आणि त्यावर धुऊन पालथे घातलेले सहा ग्लास होते. माझ्या ग्लासांसारखेच. मी ते पाहिले, आणि तरीही म्हणालो, "राहू द्या. मी माझे आणलेत."

खोकं उघडलं, ग्लास फडक्यानं पुसले आणि मांडले. वहिनींनी त्यांचे चार ग्लास उचलून बाजूला ठेवले. दोन त्यांनी स्वतःसाठी आणि रायभानसाठी ठेवले.

मी सगळे प्रश्न रायभानना विचारत होतो. तोडणी कधी, साखर किती होती, लाकूड नवं की वापरलेलं. प्रत्येक उत्तराआधी ते वहिनींकडे बघायचे. माणूस लाजाळू आहे, असं मी समजलो. म्हणून प्रश्न आणखी सोपे करून, हळूहळू, शब्द सुटे सुटे करून विचारू लागलो. आता आठवलं की कानशिलं तापतात.

शार्डोने ओतली. वास घेतला आणि थांबलो. फळाच्या मागे काहीतरी होतं. ओल्या पुठ्ठ्याचा, माळ्यावर भिजलेल्या वह्यांचा वास. मग पिनो. रंग इतका फिकट की ग्लासापलीकडची बोटं दिसत होती. आणि पुन्हा तोच वास, आणखी ठळक.

मी ग्लास खाली ठेवला. एक गोष्ट कबूल करतो. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं. दोष सापडला की मला कारखान्यातही असंच बरं वाटायचं.

"बुरशी आहे," मी म्हणालो.

सुभाषनं त्याच्या पुढचा ग्लास हुंगला. तोही माझ्याच खोक्यातला. "हो रे. ओलसर येतंय काहीतरी."

रायभाननी त्यांच्या ग्लासात नाक घातलं, मग वहिनींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा वास घेतला.

"मला तर नाय यायलाय," त्या म्हणाल्या. त्या दिवशीचं त्यांचं हे पहिलंच वाक्य.

"तुम्ही रोज याच खोलीत असता ना," मी समजावून सांगितलं. "नाक सरावतं. घरच्याला घरचा वास येत नाही. याला बाहेरचं नाक लागतं."

त्यांनी मान हलवली आणि ग्लास ठेवून दिला.

"दोन्हीत आहे म्हणजे खोलीतच दोष आहे," मी पुढे सुरू झालो. "लाकडात शिरलेली बुरशी धुऊन जात नाही. ते बॅरल इथं ठेवलंत तर पुढच्या मालातही उतरेल. जितक्या लवकर रिकामं कराल तितकं चांगलं."

"म्हंजी वाइन?" रायभाननी विचारलं.

"ती गेलीच समजा."

मग जेवण झालं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. आमच्याकडे आमटी म्हणजे गूळ-चिंचेची. ही भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची, दाट, तिखट, घशाला ऊब देणारी. मी दोनदा मागून घेतली. जेवताना परदेशातल्या तळघरांबद्दल बरंच बोललो. मी ती पाहिलेली नाहीत, पुस्तकांत वाचलीत. वहिनी वाढत होत्या. वाढता वाढता त्यांनी एकदाच विचारलं, "गंधक जाळून बॅरल परत वापरता येईल का?"

"मी तुमच्या जागी असतो तर धोका पत्करला नसता," मी म्हणालो.

उतरताना सुभाषनं एकदा मागे वळून बागेकडे बघितलं. मग म्हणाला, "वाईट वाटलं यार. बाईचा चेहरा बघितलास?"

"वाईट वाटून काय करणार? नापास ते नापास."

शहरात

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रक्तदाबाची गोळी घ्यायला उठलो. हॉटेलचा ग्लास बेसिनवर होता. खोकं हाताशी होतं म्हणून त्यातलाच एक ग्लास काढला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि तोंडाशी नेला.

पाण्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता.

मी पाणी फेकलं, दुसरा ग्लास काढला. तोच वास. हॉटेलच्या ग्लासात तेच पाणी ओतलं, काही नाही. खोक्यात नाक घातलं तर जणू ओल आलेलं कपाटच उघडलं. सगळा पावसाळा ते खोकं माझ्या माळ्यावर पडून होतं, आणि पुण्याहून निघताना मी ग्लास धुतलेही नव्हते. दिसायला लख्ख होते, फक्त पुसले. शेवटी एक ग्लास गरम पाण्यानं आणि साबणानं धुतला, वाळवला आणि हुंगला. काही नाही.

तेव्हा साडेआठ वाजले होते. वेळ सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

फोन हातात घेतला. रायभानचा नंबर सुभाषकडे होता, म्हणजे आधी सुभाषला सांगावं लागलं असतं. काय सांगणार? की मी माझ्याच ग्लासांचा वास त्यांच्या वाइनवर लादला? की ज्या बाईचं नाक बरोबर होतं तिला मी नाकाबद्दल शिकवलं? मी स्वतःला म्हणालो, एक दिवसानं काय बिघडतंय. संध्याकाळी शांतपणे सांगू. नीट शब्द जुळवून.

दहाला सुभाष आला, त्याच्या ओळखीच्या दोन हॉटेलवाल्यांना घेऊन. सगळ्यांना मला भेटायचं होतं. आम्ही जुन्या शहरात हिंडलो. दुपारी मला मुद्दाम नान खलिया खायला नेलं. मोठ्या तंदुरातली केशरी पाठीची नान, आणि हळदीचा तवंग आलेला मटणाचा रस्सा. पुण्यात असं काही मिळत नाही. त्या जेवणाची चव मला आठवत नाही.

"क्या नाक है इसकी," सुभाष त्या दोघांना सांगत होता. "कल वो म्हैसमाळवाले के यहाँ, एक सेकंदात पकडलं यानं. आम्हाला कुणाला कळलं नसतं."

ते दोघं माझ्याकडे आदरानं बघत होते. मी नान तोडत होतो. तोंड उघडायला तीच वेळ होती आणि मी ते घास घेण्यासाठी उघडलं.

पाचच्या सुमाराला आम्ही दोघं हर्सूलच्या तलावाकाठी फिरायला गेलो. पाणी काठोकाठ होतं, माणसं कठड्यावर बसून भाजलेली कणसं खात होती. तिथं मी सांगितलं. उभ्या उभ्या, पाण्याकडे बघत.

सुभाष माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तुला कळलं कधी?"

"सकाळी."

"सकाळी? आणि तू दिवसभर माझ्याबरोबर जेवत बसलास?"

त्यानं तिथूनच फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. म्हैसमाळवर कधी रेंज असते, कधी नसते. अंधार पडायला आला होता आणि घाटात धुकं उतरलं असणार. सकाळी सगळ्यात आधी वर जायचं ठरलं. परतीच्या वाटेवर सुभाषनं आणखी दोनदा फोन लावून बघितला.

पुन्हा वर

बागेशी गाडी थांबली, मी दार उघडलं आणि उतरण्याआधीच मला वास आला. पिकलेल्या जांभळांचा, ओल्या मातीचा, किंचित दालचिनीचा. स्वच्छ. त्यात बुरशीचा लवलेशही नव्हता. खोलीमागच्या शेवग्याखाली वावभर जमीन काळपट तांबडी झाली होती आणि तिच्यावर मधमाश्या घोंघावत होत्या.

बॅरल खोलीबाहेर उन्हात उभं करून ठेवलं होतं. रिकामं.

रायभान बांधावरून आले. "या. कसं काय सकाळच्याला?"

"कधी ओतली?" सुभाषनं विचारलं.

"काल दुपारी. जेवणं झाल्यावर. मी म्हणत व्हतो, घाऊक वाइन नेणाऱ्या टँकरला स्वस्तात देऊन टाकू. तर ही म्हणली, खराब माल कुणाला द्यायचा नाय. आन् बॅरलही राहू द्यायचं नाय." त्यांनी हात पुसले. "आम्ही सकाळी तिच्या जुन्या कंपनीतल्या मॅडमलाबी फोन केला व्हता. त्या म्हणल्या, जाणकार माणसानं दोन्हीत वास धरला असंल तर ठेवू नका."

जुनी कंपनी कुठली, हे तेव्हा कळलं. सविता वहिनींनी अकरा वर्षं एका मोठ्या वाइनच्या कारखान्यात काढली होती. आधी टाक्या धुण्याचं काम, मग शिकत शिकत प्रयोगशाळेत. ही वाइन त्यांनी केली होती. रायभान बाग बघायचे. मी आदल्या भेटीत त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

त्या खोलीतून बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं. ग्लास, खोकं, माळा. सांगताना आवाज इतका बारीक निघत होता की रायभान पुढे वाकून ऐकत होते.

माझं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "कधी कळलं तुम्हाला?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. सुभाष बाजूला उभा होता म्हणून बोललो नाही, की आपण होऊन बोललो नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

"काल सकाळी. साडेआठला."

रायभाननी शेवग्याखालच्या मातीकडे बघितलं. वहिनी माझ्याकडेच बघत होत्या.

"साडेआठला आम्ही बॅरलपाशी बसून व्हतो," त्या म्हणाल्या. "ह्यांना म्हणत व्हते, अजून एक दिवस थांबू का. मग काल का नाय सांगितलंत?"

"लाज वाटली."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

सुभाष नुकसानीचं काहीतरी बोलायला लागला. त्यांनी हातानं थांबवलं आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या एक साधी बाटली घेऊन, वर चिकटपट्टीवर पेननं तारीख लिहिलेली.

"ओतायच्या आधी एक काढून ठेवली व्हती," त्या म्हणाल्या. "मला तो बुरशीचा वास ओळखता आला नाय ना. म्हणलं शिकावं. परवापासून दहा वेळा हुंगलं असंल. रात्री ह्यांनाबी उठवून हुंगायला लावलं. काय सापडंना. मला वाटलं, आपलं नाकच गेलं."

मी खाली बघत होतो. त्यांनी आतून त्यांचे चार ग्लास आणले आणि चौघांना ओतली.

आयुष्यात बरीच वाइन चाखली आहे. बरी कोणती आणि थोर कोणती, एवढं कळतं. ती थोर होती. जांभूळ, सुकी गुलाबपाकळी, ऊन पडल्यावर वास येणारा काळा दगड, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ जिभेवर रेंगाळणारं काहीतरी, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता. आपल्या मातीत पिनो अशी होऊ शकते, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

"कशी हाय?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, मी आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"नाय, सांगा. त्या दिवशी सांगितलं तसं सांगा. तेवढ्याच मोठ्यानं."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. वास कशाचे, चव कशी, रंग कसा, आणि ही वाइन माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही वाइनच्या शेजारी ठेवता येईल हेही. आवाज फाटत होता, तरी मोठ्यानं सांगितलं. मध्येच रायभान उठले, ग्लास बांधावर ठेवला आणि बागेत निघून गेले. वेलींच्या ओळींत त्यांची पाठ दिसत होती. काहीतरी काम असल्यासारखे ते एकेक पान उलटून बघत होते.

वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग बाटलीला बूच लावलं.

"मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशीच ठाऊक व्हतं. तुम्ही चुकलात त्याचं मला तेवढं नाय. माझं मला ठाऊक असून मी गप बसले, त्याचं लई लागलंय."

मी हात जोडले. त्यांनी ते बघितलं की नाही, कळलं नाही. त्या ग्लास गोळा करत होत्या.

"पुढल्या महिन्यात छाटणी हाय," त्या सुभाषकडे वळून म्हणाल्या. "शार्डोने हवी असंल तर घेऊन जावा, बाटल्या भरलेल्या हायत, त्या ओतायच्या राहिल्या व्हत्या. पिनो परत करीन. पर आता चाखायला कुणाला बोलावणार नाय."

मग ग्लास घेऊन त्या खोलीत गेल्या, आणि आतून नळाचं पाणी पडायचा आवाज येऊ लागला.